येरवड्यातली थंड पाइप आणि तीन तारा

पुण्यात येरवड्यातल्या काचेच्या आयटी इमारती बाहेरून दिसतात, पण मला ओढ असते ती त्यांच्या चिलर प्लँटची. मध्यवर्ती एसीत साधारण ७ अंशाचं पाणी वर जातं आणि १२ अंशाचं परत येतं. सगळा हिशेब या ५ अंशांच्या फरकावर चालतो, म्हणून पाइपवरचा तापमानाचा सेन्सर नीट बसायला हवा.

तिथे सहसा पीटी-१०० असतो. त्यातल्या प्लॅटिनमचा रोध ० अंशाला १०० ओहम, आणि दर अंशामागे सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. आता गंमत बघा: १ चौरस मिमी तांब्याची वायर ३० मीटर ओढली, तर जाऊन-येऊन १ ओहमच्या आसपास रोध भरतो. दोनच तारा जोडल्या तर पाणी उगाचच पावणेतीन अंश गरम दिसणार! म्हणून तीन तारा: दोन लाल, एक पांढरी. तिसरीमुळे वायरचा रोध वजा करता येतो. लाल-पांढऱ्याची अदलाबदल झाली की आकडे वेडेवाकडे.

सेन्सर ज्या नळीत बसतो त्या थर्मोवेलचं टोक पाइपच्या मधल्या भागात पोचू द्या, आत थर्मल पेस्ट भरा. पट्ट्याने वरून बांधलेला सेन्सर मला फारसा पटत नाही. बांधलाच तर गंज खरवडून, वर इन्सुलेशन चढवून. केबलचं शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, आणि ही केबल मोटारीचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीच्या केबलपासून लांब ठेवा.

आणि पुण्याचा पावसाळा! थंड पाइपवर दव धरतं, म्हणून पाणी आत शिरू नये यासाठी केबल ग्लँडचं तोंड खाली ठेवा.