वाचा गेली, पण कोणत्या भाषेतली?

अंगावरून वारे गेले की मराठवाड्यात हातापायांची मालिश, व्यायाम लगेच सुरू होतात. गेलेली वाचा मात्र नशिबावर सोडली जाते. बोलत नाही म्हणजे समजतही नसेल, असे घरचे धरून चालतात. वाचाघाताच्या पहिल्याच गाजलेल्या रुग्णाने ही समजूत खोटी ठरवली होती. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातला लेबोर्न कित्येक वर्षे ‘टॅन’ एवढाच उच्चार करी, पण विचारलेले त्याला बरेचसे कळे. १८६१ मध्ये तो वारल्यावर पॉल ब्रोका यांना त्याच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धात, पुढच्या भागात इजा आढळली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलटा प्रकार नोंदवला: बोलणे ओघवते, पण अर्थ ढळलेला, आणि दुसऱ्याचे उमगत नाही.

छत्रपती संभाजीनगरात आणखी एक प्रश्न आधी विचारायला हवा, आणि माझ्या मते इथला उपचार त्यावरच अवलंबून आहे: गेली ती कोणत्या भाषेतली वाचा? वली आणि सिराज या कवींच्या या शहरात एकाच माणसाची मराठी, दखनी आणि हिंदी दिवसभर आलटूनपालटून चालू असते. आधी शिकलेली भाषा टिकते, असे रिबो यांचे मत होते; जी अधिक सरावाची ती आधी परतते, असे पित्र यांनी १८९५ मध्ये मांडले. पुढे दोन्ही नियमांना अपवाद सापडले. अनेकदा सगळ्या भाषा बरोबरीने सुधारतात, कधी एकच सुधारते. म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा प्रत्येक भाषा तपासणेच योग्य. इंग्रजी चाचणीचे भाषांतर करून हे साधत नाही. ‘मुलीने आंबा खाल्ला’, ‘मुलीने पोळी खाल्ली’ यांत क्रियापद कर्त्याच्या नव्हे, कर्माच्या मागे जाते. इथे रुग्ण अडखळतो का, हे इंग्रजी नमुना विचारणारच नाही. उलट दखनीत ‘मैं रोटी खाया’ हे सहज बोलणे आहे. प्रमाण हिंदीचा कागद हाती धरलेला तपासनीस तिथे चूक लावील आणि धडधाकट व्याकरण आजाराच्या खात्यावर जमा होईल.

अनेक भाषांनी रुग्ण गोंधळेल, असा आक्षेप येतो. पण हैदराबादेत सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६०८ पक्षाघातग्रस्तांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. पक्षाघातानंतर आकलनशक्ती शाबूत राहिलेले द्विभाषकांत ४०.५ टक्के होते, एकभाषकांत १९.६ टक्के; वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्हींकडे जवळपास सारखेच होते. हा अभ्यास उपचारांचा नव्हता, त्यामुळे सगळ्या भाषांत सराव घ्या असे त्यातून निघत नाही. सराव एकाच भाषेत ठेवता येईल. पण ती कोणती, हे तपासणीनंतर ठरावे. दुसरा आक्षेप खरा आहे: स्पीच थेरपिस्ट कमी आहेत. परंतु आजारापूर्वी घरात, बाजारात, देवापुढे किंवा नमाजाला रुग्ण काय बोलत असे, ही विचारपूस इथल्या घाटी रुग्णालयाच्या वॉर्डात परिचारिकाही काही मिनिटांत करू शकते. त्या माहितीला कायद्यानेही वजन आले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत वाचाघाताचा नावानिशी उल्लेख आहे, आणि प्रमाणपत्रावरची टक्केवारी तपासणीतून ठरते. सिल्लोड-पैठणहून आलेल्या माणसाची ही तपासणी त्याने कधी न बोललेल्या भाषेत झाली, तर ती टक्केवारी कशाची मानायची?