रुग्णपत्रिकांचे रक्षण : संगणकातील नोंदींसाठी निदानपरिवर्जन

रुग्णपत्रिका हा वैद्याचा स्मृतिकोश होय. दहा वर्षांपूर्वी आमवाताच्या रुग्णास कोणता कल्प, कोणत्या अनुपानासह लागू पडला, हे नोंदीवाचून सांगता येत नाही. औषधालयातही कोणत्या बॅचचे भस्म कोणास दिले, ही नोंद नष्ट झाल्यास ते परत मागविण्याचा मार्ग खुंटतो. म्हणून घरच्या वा चिकित्सालयाच्या संगणकावरील या नोंदींच्या रक्षणाचा विचार आरंभीच व्हावयास हवा.

डिस्कची निवड

हार्ड डिस्कमध्ये फिरत्या चुंबकीय तबकड्या असतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. त्यामुळे एसएसडी जलद असून धक्का अधिक सोसते; दैनंदिन कामासाठी ती घ्यावी. प्रती साठविण्यासाठी बाह्य हार्ड डिस्क योग्य, कारण तेवढ्याच खर्चात अधिक जागा मिळते. एसएसडी वा पेनड्राइव्ह विजेविना वर्षानुवर्षे पडून राहिल्यास त्यातील विद्युतभार क्षीण होऊन नोंदी बिघडू शकतात. बाह्य डिस्कची क्षमता सध्याच्या नोंदींच्या किमान दुप्पट असावी.

हार्ड डिस्कच्या बिघाडास अनेकदा पूर्वरूपे असतात : टकटक आवाज, फाइल उघडण्यास विलंब. अशा वेळी अन्य काही करण्यापूर्वी प्रत काढावी. एसएसडी मात्र पूर्वरूपाविना एकाएकी बंद पडू शकते.

तीन-दोन-एक

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला नियम सुटसुटीत आहे : नोंदींच्या एकूण तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. दुसरे ठिकाण कशासाठी, हे ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या महापुराने दाखविले. संगणक व बाह्य डिस्क एकाच खोलीत असतील, तर पूर दोन्ही प्रती एकदमच नेतो.

तिसरी प्रत नातेवाइकांच्या घरी किंवा इंटरनेटवरील साठवणसेवेत ठेवावी. रुग्णाची गोपनीयता जपण्यासाठी ती सांकेतिक कुलूप लावूनच बाहेर जावी आणि कुलपाचा संकेतशब्द कागदावर स्वतंत्र, सुरक्षित जागी लिहिलेला असावा.

दोन गैरसमज

एकाच संगणकात दोन डिस्कवर एकाच वेळी नोंद होण्याची सोय म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोहोंवरूनही पुसली जाते. इंटरनेटशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरचेही तेच. त्यात फाइलींच्या जुन्या आवृत्त्या टिकतात ना, हे पाहावे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय'ने संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. अशा विषाणूचा संसर्ग जोडून ठेवलेल्या बाह्य डिस्कलाही होतो. यास्तव प्रत घेताच डिस्क काढून ठेवावी. दोन डिस्क आलटून-पालटून वापरणे अधिक श्रेयस्कर.

औषधविक्रेत्यांनी बिलांच्या सॉफ्टवेअरची फाइल तो चालू असताना नुसती कॉपी करू नये. त्यातीलच बॅकअपची सोय वापरावी.

परीक्षा हवीच

न तपासलेली प्रत म्हणजे न पारखलेले द्रव्य. दर तीन महिन्यांनी एखाद्या जुन्या रुग्णाची पत्रिका आणि एका दिवसाची बिले बाह्य डिस्कवरून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावीत. ती उघडली, वाचता आली, तरच बॅकअप आहे असे समजावे. हा अंक हाती येताच पहिली परीक्षा घ्यावी, ही सर्व वैद्यबंधू-भगिनींस व औषधालयचालकांस विनंती.