विजेची स्कूटर : आधी फेऱ्या मोजा, मग पैसे मोजा

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



सन 1972 म्हटले की धाराशिव जिल्ह्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींना दुष्काळ आठवतो, खडी फोडण्याची कामे आणि सुकडी आठवते. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात दोन दुचाक्या बाजारात आल्या, बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना. चेतकसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. लूना मात्र खेड्यात लवकर रुळली. मास्तर, ग्रामसेवक, दूधवाले यांनी ती अशी राबवली की दोन्ही बाजूंना किटल्या अडकवलेली लूना हे गावोगावचे रोजचे चित्र होऊन गेले.

ही दोन्ही नावे आता विजेवर परत आली आहेत. विजेवरची चेतक जानेवारी 2020 मध्ये बाजारात आली, तर ई-लूना फेब्रुवारी 2024 मध्ये. त्याआधी, गेल्या शतकाच्या अखेरीसच, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विजेवर चालणारी सायकल रिक्षा तयार केली होती. म्हणजे हा विषय आपल्या ऊसपट्ट्याला अगदीच परका नाही. शिवाय आज बाजारात इतरही बऱ्याच कंपन्यांच्या गाड्या आहेत. या लेखात कोणत्याही एका गाडीची शिफारस करायची नाही. गटात फिरताना सभासद विचारतात, "साहेब, घ्यावी का विजेची गाडी? पोरगं मागं लागलंय." त्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाने देण्याचा हा प्रयत्न आहे.

एक युनिट म्हणजे किती?

गाडीच्या बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात सांगतात. घाबरू नका. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या बिलावरचे एक युनिट. कामाच्या साध्या गाडीची बॅटरी दोन युनिटच्या आसपास असते, मोठ्या स्कूटरची तीन-चार युनिटपर्यंत जाते. आपली पाच हॉर्सपॉवरची मोटार एक तास चालली तर जवळजवळ चार युनिट वीज खाते. तेव्हा अर्धा तास पाणी उपसायला जेवढी वीज लागते, साधारण तेवढ्यात लहान गाडीची बॅटरी भरते.

कंपनी सांगते त्या किलोमीटरवर जाऊ नका. तो आकडा ठरावीक वेगाने, सपाट रस्त्यावर, बेताच्या ओझ्याने काढलेला असतो. आपल्याकडे मागे दुधाचा कॅन, खाली खडीचा रस्ता आणि वर बालाघाटचा चढ. सांगितलेल्या आकड्याचे दोन तृतीयांश धरले तर फसगत होत नाही.

हिशेब

पेट्रोल लिटरला 105 रुपये आणि मोटारसायकलचे ॲव्हरेज 50 धरू. किलोमीटरला दोन रुपये दहा पैसे पडतात. दोन युनिटच्या बॅटरीवर प्रत्यक्षात 60 किलोमीटर धरू. भरताना थोडी वीज वाया जाते म्हणून सव्वादोन युनिट, आणि युनिटला 10 रुपये धरले तर साडेबावीस रुपये. म्हणजे किलोमीटरला 38 पैसे.

आता पाहा. ज्याची रोजची फेरी 30 किलोमीटर आहे, त्याचे दिवसाला सुमारे 50 रुपये वाचतात. वर्षात 300 दिवस गाडी चालली तर 15 हजार रुपये. पाच वर्षांत 75 हजार. ऑईल बदलणे, प्लग, चेन-स्प्रॉकेट यांचाही बराच खर्च कमी होतो. पण ज्याची फेरी रोज आठ-दहा किलोमीटरच आहे, त्याचे वर्षाला जेमतेम पाच हजार वाचतील. अशा सभासदाच्या दारात चांगली चालू मोटारसायकल असेल तर ती विकून नवी विजेची गाडी घेण्यात काही हशील नाही.

वाचलेल्या पैशातून एक रक्कम बाजूला ठेवलीच पाहिजे. बॅटरी ही या गाडीची सर्वांत महाग वस्तू. काही वर्षांनी तिची ताकद कमी होते आणि ती बदलावी लागते. दोन युनिटच्या बॅटरीला तीस हजारांच्या घरात खर्च येईल असे धरून चालावे. म्हणून पाच वर्षांच्या 75 हजारांतले तीस हजार आपले नव्हेत, बॅटरीचे आहेत.

आणखी एक गोष्ट. गाडीच्या कर्जाचा हप्ता दरमहा येतो, उसाचे बिल मात्र वर्षातून एकदाच. पहिल्या उचलीच्या जोरावर गाडी उचलायची आणि आषाढात हप्त्यासाठी उसनवारी करायची, असे होऊ देऊ नका. ज्याच्या घरी दुधाचा दहा दिवसांचा पगार येतो किंवा कोणी महिन्याच्या पगारावर आहे, त्याला हप्ता झेपतो. इतरांनी बिल हाती आल्यावर रोखीने घ्यावी किंवा वाट पाहावी.

शेतकऱ्याच्या घरी तिचे काम काय?

ही गाडी लांबच्या प्रवासाची नाही, रोजच्या ठरलेल्या फेऱ्यांची आहे. तुळजापूरहून सोलापूर जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर होते. लहान बॅटरीच्या गाडीने त्या वाटेला जाऊ नये. पण पुढची कामे ती उत्तम करते.

1. पाण्याची पाळी. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. लाईट आली की मळ्यात जायचे, स्टार्टर चालू करायचा, ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायचा आणि परत यायचे. दोन-तीन किलोमीटरच्या अशा चार फेऱ्यांत पेट्रोल कसे संपते ते कळतही नाही.

2. दूध. चाळीस लिटरचा भरलेला कॅन पन्नास किलोच्या आसपास भरतो. सत्तर किलोचा माणूस धरला तर एकशेवीस झाले. त्यामुळे गाडीची भार वाहण्याची क्षमता विचारून घ्या. ई-लूनासारख्या कामाच्या गाडीची क्षमता 150 किलो सांगितली जाते. नुसत्या दिखाऊ स्कूटरवर एवढा बोजा टाकू नये. भूम-वाशीकडे खव्याच्या भट्टीला रोज दूध घालणाऱ्यांना ही गाडी विशेष सोयीची.

3. खत आणि औषधे. युरियाची गोणी 45 किलोची. पायाशी एक गोणी ठेवून सावकाश येता येते. दोन गोण्या आणि मागे माणूस, हा प्रकार नको.

4. हंगामातली धावपळ. तोड सुरू झाली की टोळीकडे, गट कार्यालयात, काट्यावर, पुन्हा फडात असे दिवसभर हेलपाटे असतात. ठरावीक टापूतले असल्याने ते या गाडीला झेपतात. मात्र वाढ्यांचा रुंद भारा आडवा बांधून रस्त्याने जाऊ नका.

5. घरातल्या बाईमाणसांची कामे. बचत गटाची बैठक, बँक, दवाखाना, रेशन. गिअर नाही, किक नाही. त्यामुळे मोटारसायकल न चालवणाऱ्या भगिनीही ही गाडी लवकर शिकतात. घरातला पुरुष मोकळा होईपर्यंत ताटकळत बसावे लागत नाही. या एका कारणासाठी गाडी घेतली तरी ती वाया जात नाही.

काळ्या रानातल्या पाणंद रस्त्याचे मात्र आधी पाहा. पावसाळ्यात चिखल मडगार्डमध्ये अडकला की लहान चाकाची स्कूटर जागेवर बसते. ज्याची वाट अशी आहे, त्याने मोठ्या चाकाची आणि जमिनीपासून उंच असलेली गाडी पाहावी. ओढ्याला पाणी असताना तर कोणतीच गाडी घालू नये.

मुलामुलींसाठी

आपल्या भागात बारावीनंतर कितीतरी मुलींचे शिक्षण थांबते. बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. वस्ती एसटीच्या थांब्यापासून तीन-चार किलोमीटर आत असते, सकाळची गाडी चुकली की तास बुडतो, आणि संध्याकाळी उशीर झाला की घरची माणसे धास्तावतात. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा मोफत पास आहे, मार्च 2023 पासून सर्व महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास आहे. त्याहून स्वस्त काही नाही, तेव्हा एसटी सोडू नका. पण वस्ती ते थांबा हे अंतर एसटी भरून काढत नाही. तिथे ही गाडी उपयोगी पडते. सकाळी मुलीने थांब्यापर्यंत न्यावी, ओळखीच्या घरी लावावी, संध्याकाळी घेऊन यावी. मुलाच्या हट्टासाठी लाखाची गाडी घेणाऱ्याने मुलीच्या कॉलेजचाही विचार करावा, ही विनंती.

आता वयाचे नीट ऐका. कायद्याने दोन प्रकारच्या गाड्या आहेत. 250 वॉटपर्यंतची मोटार, ताशी 25 किलोमीटरपर्यंत वेग आणि बॅटरी सोडून 60 किलोपर्यंत वजन, अशी मान्यताप्राप्त गाडी मोटार वाहनात मोडत नाही. तिला नंबर आणि लायसन्स लागत नाही. यापेक्षा ताकदीच्या गाडीला नोंदणी, हिरवी नंबरप्लेट, विमा आणि चालवणाऱ्याचे लायसन्स, सगळे लागते.

काही ठिकाणी "लायसन्स नको" म्हणून गाडी विकतात आणि मागाहून वायर सोडवून वेग वाढवून देतात. असे केले की ती गाडी विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरते. अपघात झाला तर नुकसानभरपाई घरातून, नाहीतर रान विकून द्यावी लागेल. मान्यतेचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय अशी गाडी घेऊ नका. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था ते देतात.

अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ प्रमाणे पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. उद्या त्याला ड्रायव्हरची नोकरी किंवा ट्रॅक्टर चालवायचा असेल तर तो रस्ताच बंद. म्हणून नंबरप्लेटची गाडी अठरा पूर्ण झाल्यावर आणि लायसन्स काढूनच, हा घरचा नियम करावा.

हंगामात तर जिवाचीच गोष्ट आहे. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही, अंधारात उभी केलेली टायरगाडी. विजेची गाडी आवाज करत नाही, त्यामुळे बैलाला, पोराटोरांना ती आल्याचे कळत नाही. हॉर्न वाजवा, वेग कमी ठेवा, पुढच्या-मागच्या दोघांनीही हेल्मेट घाला. ट्रॉली ओलांडण्याची घाई करू नका. ट्रॅक्टर-ट्रॉली आणि बैलगाडीवाल्या बंधूंनीही मागे लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये.

एक चांगली बाजूही आहे. ही गाडी बिघडली तर गावातल्या मेकॅनिकला ती अजून नवखी आहे. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आता आहे. शेतीत मन नसलेल्या मुलाने गाडी मागण्याऐवजी ती दुरुस्त करायला शिकली, तर पाच-दहा गावांत त्याचे दुकान चालेल.

चार्जिंगची शिस्त

— शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करू नका. एप्रिल 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफ आहे म्हणून मोह होतो. पण ज्या कामासाठी कनेक्शन दिले त्याशिवाय वापर हा वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो. आकडा टाकणे ही तर सरळ चोरी.

— घरात 15 अँपिअरचे वेगळे प्लग पॉइंट, जाड वायर आणि अर्थिंग वायरमनकडून करून घ्या. लांब एक्स्टेन्शनवर रात्रभर लावून ठेवू नका.

— कडब्याची गंज, पाचट, सरपण, गोठा यांच्यापासून लांब चार्ज करा. झोपायच्या खोलीत किंवा घराच्या एकमेव दारात नको. 2022 साली देशात विजेच्या गाड्यांना आगी लागल्याच्या बऱ्याच घटना घडल्या. त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले. एआयएस 156 या मानकाची बॅटरी आहे का, हे पावतीवर लिहून घ्या.

— एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली नव्हे, लिंबाच्या सावलीला गाडी लावा. उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला लावू नका, अर्धा-पाऊण तास निवू द्या.

— कंपनीने दिलेलाच चार्जर वापरा. बॅटरी फुगली, वास आला किंवा फार तापली तर चार्जिंग बंद करून गाडी मोकळ्या जागेत काढा.

घेण्याआधी

आठ दिवस एका वहीत रोजच्या फेऱ्या आणि किलोमीटर लिहा. बेरीज वीसच्या खाली असेल तर थांबा, तीसच्या वर असेल तर विचार करा. सर्व्हिसची जागा किती लांब आहे ते पाहा. बॅटरीची वॉरंटी किती वर्षे आणि किती किलोमीटर, नवी बॅटरी कितीला, हे लेखी घ्या. ओझे घेऊन, आपल्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहा. सरकारी अनुदानाच्या योजना दर एक-दोन वर्षांनी बदलत आल्या आहेत. अनुदान मिळाले तर उत्तम, पण केवळ त्यासाठी गाडी घेऊ नका.

वहीतल्या आकड्यांचा हिशेब जमत नसेल तर गट कार्यालयात शेतकी कर्मचाऱ्यांकडे वही घेऊन या. दहा मिनिटांत बेरीज-वजाबाकी करून देतील. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपल्या आजोबांनी बैलजोडी घेताना पाळले, ते आपण गाडी घेताना पाळू.