पडकोट ताजचा, समुद्र सगळ्यांचा

पेंडल हिलमध्ये राहणाऱ्याला समुद्र तसा लांबच. सिडनीच्या पश्चिमेकडचं हे उपनगर. शंभर वर्षांपूर्वी बॉन्ड्स बनियानवाल्यांनी इथे कापसाची गिरणी काढली. ती कधीच थंडावली. आता स्टेशनाबाहेर डोसा, कोत्तू आणि वाणसामानाची दुकानं आहेत. इथून लोकल पकडून सेंट्रल, तिथून सर्क्युलर की आणि पुढे अर्धा तास मॅनलीची फेरीबोट. पोरांना घेऊन निघालं की वाळूला पाय लागेपर्यंत सकाळ संपते. पण एकदा पोहोचलं की सगळं फुकट. लाल-पिवळ्या झेंड्यांमधला पोहण्याचा पट्टा, त्यावर नजर ठेवणारे जीवरक्षक, गोड्या पाण्याचे शॉवर, कपडे बदलायच्या खोल्या, धुतलेले संडास. मॅनलीत आणि कूजीत समुद्रासमोर साखळी हॉटेलं आहेत, पण ती रस्त्याच्या अलीकडे. रस्ता ओलांडला की हॉटेलात उतरलेला आणि पश्चिमेकडून डबा घेऊन आलेला यांत काही फरक उरत नाही.

डिसेंबर जवळ आला की आमच्याकडच्या घराघरांत एकच बेत शिजतो. पुण्याचे आजी-आजोबा, ठाण्याची आत्या आणि सिडनीचे आपण असे सगळे चार दिवस गोव्यात भेटू. मग कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ‘ताज फोर्ट आग्वाद’चा फोटो टाकतं आणि त्यापाठोपाठ त्याचा दर. अर्धी मंडळी गप्प होतात. उरलेली म्हणतात, ‘आयुष्यात एकदा’. एवढे पैसे देऊन नक्की काय विकत मिळतं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. तो विचारण्यासारखा आहे.

बार्देश तालुक्यात, कांदोळीच्या दक्षिण टोकाला सिकेरी. मांडवी जिथे समुद्राला मिळते तिथे डोंगराची एक सोंड पाण्यात घुसली आहे. पोर्तुगीजांनी 1609 ते 1612 या काळात तिच्यावर आग्वादचा किल्ला बांधला. तो डच आणि मराठ्यांपासून संरक्षणासाठी होता असं पर्यटकांना सर्रास सांगितलं जातं. डचांचं खरं, पण मराठ्यांचं राज्यच तेव्हा नव्हतं. शिवाजी महाराजांचा जन्म 1630चा. मराठ्यांशी गाठ पडली ती पुढे, आणि 1739मध्ये सावंतवाडीचे भोसले बार्देशभर पसरले तेव्हाही आग्वाद पोर्तुगिजांकडेच राहिला. किल्ल्याची खरी दौलत पाणी. वरच्या कोटात जमिनीखाली सुमारे चोवीस लाख गॅलनचं गोड्या पाण्याचं टाकं आहे. लांबच्या सफरीवरची गलबतं इथे पाणी भरून घेत. 1864 साली उभारलेलं दीपगृह 1976पर्यंत चालू होतं. (‘दिल चाहता है’चा किल्ला शोधत इथे येणाऱ्यांनी तसेच उत्तरेला निघावं. तो शापोऱ्याचा.)

वरच्या कोटापासून तटबंदी उतरत खाली समुद्रापर्यंत येते. तिथला गोल बुरूज थेट लाटांत उभा आहे. आपल्या जलदुर्गांच्या भाषेत याला पडकोट म्हणता येईल. त्याच्या मागच्या उतारावर 1974 साली ताज समूहाने फोर्ट आग्वाद बीच रिसॉर्ट उघडलं. 1903 साली मुंबईत अपोलो बंदरावर उभं राहिलेलं ताज अनेक दशकं त्या एका इमारतीभोवतीच फिरत होतं. सत्तरच्या दशकात अजित केरकरांच्या हाती कारभार आला आणि कंपनी उदयपूरच्या तळ्यात, गोव्याच्या वाळूवर आणि पुढे केरळात पोहोचली. आग्वादचं रिसॉर्ट उघडलं तेव्हा गोवा मुक्त होऊन जेमतेम तेरा वर्षं झाली होती. कळंगुटला हिप्पी होते, मुंबईहून बोट किंवा रात्रभराची बस होती. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला 1998 उजाडायचं होतं. अशा जागी पंचतारांकित हॉटेल काढणं धाडसाचं होतं यात शंका नाही.

धाडस आणखी एका अर्थाने. याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, मांडवीच्या बाजूला, आग्वादचा तुरुंग. राममनोहर लोहियांना 1946मध्ये इथेच ठेवलं होतं. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्यांनाही. 1955च्या गोवा मुक्ती सत्याग्रहात महाराष्ट्रातून गेलेले नानासाहेब गोरे, मधू लिमये यांच्यासारखे सत्याग्रही लांबलचक शिक्षा घेऊन इथल्या कोठड्यांत होते. ते सुटले 1957मध्ये. त्यानंतर सतरा वर्षांनी त्याच डोंगरावर पोहण्याचा तलाव आणि कॉकटेलं आली. तुरुंग मात्र 2015पर्यंत तुरुंगच होता. मग कैदी कोलवाळला हलवले गेले आणि डिसेंबर 2021मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. हॉटेलात उतरणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी किती जण तिथे पाय टाकतात कोण जाणे. मुलांना एक सकाळ तिथे न्यावीच, तलाव पळून जात नाही.

कामानिमित्त येणाऱ्यांशी या हॉटेलाचं नातं जुळलं ते 1983मध्ये, आणि त्यात ऑस्ट्रेलियाचाही एक धागा आहे. त्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल प्रमुखांची परिषद दिल्लीत भरली. मधले दोन दिवस सगळ्यांना विश्रांतीसाठी गोव्याला, आग्वादला आणलं. यजमान इंदिरा गांधी. पाहुण्यांत मार्गारेट थॅचर होत्या, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झालेले बॉब हॉक. अमेरिकेने महिन्याभरापूर्वी ग्रेनाडात सैन्य उतरवलं होतं, सायप्रसची फाळणी नुकतीच ताजी झाली होती. आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरचं ‘गोवा जाहीरनामा’ नावाचं निवेदन इथूनच निघालं. पाहुण्यांसाठी डोंगरउतारावर स्वतंत्र बंगले बांधले गेले, तेच ‘आग्वाद हर्मिटेज’. शेजारी सपाटीवर कौलारू खोपट्यांचं हॉलिडे व्हिलेज त्याच सुमाराला आलं. किल्ला, बंगले आणि वाडी ही तीन भावंडं एकमेकांना लागून आहेत. बुकिंग करताना कोणतं घेतो आहोत ते नीट पाहावं, कारण तिघांचे स्वभाव वेगळे आहेत.

गंमत अशी की त्या परिषदेच्या दोनच वर्षं आधी, नोव्हेंबर 1981मध्ये, इंदिरा गांधींनीच किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं. भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंत बांधकाम होऊ देऊ नका, असं. त्या पत्रातूनच पुढे 1991ची किनारी नियमन क्षेत्राची (सीआरझेड) अधिसूचना आली. फोर्ट आग्वाद त्याआधीचं, म्हणून ते लाटांच्या इतकं जवळ आहे. आज कुणाला अशी जागा मिळणार नाही. हॉटेलाच्या दराचा मोठा हिस्सा खरं तर या तारखेचा आहे.

आणि तरीही किनारा हॉटेलाचा नाही. भारतात भरतीच्या रेषेखालची वाळू सरकारची, म्हणजे सगळ्यांची. हा मुद्दा गोव्यातच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोना पावलाजवळ वायंगिणीच्या किनाऱ्यावर वास्तुकार चार्ल्स कोरियांनी आखलेलं सिदाद द गोवा हे हॉटेल 1982 साली उघडलं. आज तेही ताजच्या पाटीखाली आहे. तिथे विस्ताराच्या बांधकामाने गावकऱ्यांची समुद्रावर जायची वाट अडली. जानेवारी 2009मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी करा असा निकाल दिला. किनारा हा सरकारने जनतेच्या वतीने सांभाळायचा ठेवा आहे, असं त्यामागचं तत्त्व. त्यावर गोवा सरकारने त्याच वर्षी कायदाच बदलला. वाद कुणी जिंकला याची चर्चा आता गावकऱ्यांवर सोडू, पण ‘खाजगी किनारा’ असं भारतातल्या कुठल्याही हॉटेलाने सुचवलं तर ते पोकळ आहे, एवढं लक्षात असावं. सिकेरीच्या वाळूवर हॉटेलचा पाहुणा, म्हापशाहून आलेली सहल, शहाळेवाला, पॅरासेलिंगचा दलाल आणि डॉल्फिन दाखवणारा बोटवाला एकाच रांगेत असतात.

शिवाय समुद्र कुणाच्या दराला बांधील नाही. जून 2000मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचं खनिजवाहू जहाज पावसाळी वादळात याच किनाऱ्यापाशी वाळूत रुतलं. सुमारे 240 मीटर लांबीचं ते धूड बारा वर्षं तिथेच गंजत पडलं. 2012मध्ये ते तोडून नेईपर्यंत निविदा, खटले, विधानसभेतले प्रश्न सगळं झालं. तेवढ्या काळात सिकेरी-कांदोळीची वाळू खचत गेली, आणि ज्यांनी ‘सी-फेसिंग’ खोली घेतली त्यांना खिडकीतून गंजलेलं जहाज दिसलं. पंचतारांकित व्यवस्थापन तुमच्या उशीची जाडी बदलू शकतं, किनाऱ्याचं काही करू शकत नाही.

मग पैसे कशाचे? मला वाटतं, उंचीचे आणि कुंपणाचे. हॉटेल उतारावर आहे, त्यामुळे तलावापासून, हिरवळीपासून, बहुतेक खोल्यांपासून समुद्र खाली पसरलेला दिसतो आणि गर्दीचा आवाज वर येत नाही. कुंपणाच्या आत आजीला खुर्ची मिळते, सावली मिळते, पाच पावलांवर स्वच्छ संडास मिळतो. पोराला वाळू धुवायला गोडं पाणी मिळतं. कुणी मसाजाचं पत्रक हातात कोंबत नाही. पेंडल हिलचा माणूस या यादीकडे पाहून जरा अस्वस्थ होतो. कारण सावली, संडास, शॉवर हे सगळं मॅनलीला नगरपालिका देते. गोव्यात 2008पासून ‘दृष्टी’ या कंपनीचे जीवरक्षक किनाऱ्यांवर आहेत, लाल-पिवळे झेंडेही लागतात, आणि त्याने पुष्कळ जीव वाचले. पण अंघोळीची आणि कपडे बदलायची सोय अजूनही शॅकवाल्याच्या मर्जीवर किंवा हॉटेलच्या बिलावर. जी गोष्ट पंचायतीने द्यायची ती ताज विकतं. ताजला त्याचा दोष देता येत नाही, ते ती फार चांगली विकतात.

म्हणून बरोबर वृद्ध माणसं आणि लहान मुलं असतील तर हे हॉटेल त्याच्या दराला जागतं. मात्र एक अडचण आधीच सांगतो. उतार म्हणजे चढही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजोबांना दर खेपेला बॅटरीची गाडी बोलवावी लागेल. त्यांच्यासाठी मुख्य इमारतीतली, लिफ्टजवळची खोली मागून घ्यावी किंवा सरळ शेजारच्या सपाट हॉलिडे व्हिलेजमध्ये उतरावं. हर्मिटेजचे बंगले फोटोत सर्वांत देखणे, पण चढावर. ते पंतप्रधानांसाठी बांधले होते, त्यांना पायी चालायचं नव्हतं.

तरुण जोडपी, मित्रमंडळी यांनी इथे पैसे घालवू नयेत. दिवसभर बाहेर भटकायचं असेल तर कुंपणाची किंमत वाया. कांदोळीत पाव पैशांत नीटनेटकं घर मिळतं आणि तीच वाळू.

कामानिमित्त येणाऱ्यांचं गणित निराळं. औषध कंपन्यांच्या विक्री-परिषदा, बँकांचे वार्षिक मेळावे यांसाठी गोवा कधीचा ठरलेला आहे. सभागृह, प्रोजेक्टर, संध्याकाळी हिरवळीवर जेवण, हे सगळं इथे सराईतपणे होतं. पण एकट्याने पणजीत किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम असेल तर सिकेरी आडबाजूला आहे. दाबोळी काय आणि 2023पासून सुरू झालेला मोपाचा विमानतळ काय, दोन्हीकडून गाडीत तासभर तरी जातो. डिसेंबरात कांदोळीच्या रस्त्यावर त्याहून जास्त. अशांनी पणजीजवळचं सिदाद द गोवा पाहावं. कोरियांनी भिंतींवर रंगवून घेतलेल्या खोट्या खिडक्या आणि दारं बघत चहा घेता येतो आणि बैठकीलाही वेळेवर पोहोचता येतं.

आमच्यातला तिसरा प्रकार म्हणजे सुट्टीवर असूनही लॅपटॉप न सोडणारा. सिडनीची उन्हाळी वेळ भारताच्या साडेपाच तास पुढे. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे इथले पहाटेचे साडेतीन. जो सिडनीची ड्यूटी गोव्यातून करतो त्याचं काम सकाळी साडेअकराला संपतं. दुपार, सूर्यास्त, रात्रीचं जेवण सगळं घरच्यांबरोबर. हुकतो तो फक्त बिलात धरलेला प्रचंड नाश्ता. त्यासाठी साडेनऊला ‘मीटिंगमध्ये आहे’ असं लिहून खाली उतरणारे महाभाग असतातच. वायफायची चौकशी उतरण्याआधी, आपल्या नेमक्या खोलीपुरती करावी. जांभ्या दगडाच्या जाड भिंती उन्हाला अडवतात, तशा सिग्नललाही.

कुणी म्हणेल, गोव्यालाच का, आपलं कोकण आहे की. आहेच. पर्यटन महामंडळाची गणपतीपुळे आणि तारकर्ली इथली निवासस्थानं वाळूला लागून आहेत, दर सामान्य माणसाचे आहेत, आणि सोलकढी गोव्यापेक्षा सरस. सिंधुदुर्ग 1997मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. शिरोडा-वेळागरला ताजचंच हॉटेल येणार म्हणून जमिनीही घेतल्या गेल्या. ते दोन दशकांहून अधिक काळ कागदावरच राहिलं. जमीन देणाऱ्यांचे प्रश्न वेगळे, शासनाची गती वेगळी. तेव्हा आजीला चादर पांढरीशुभ्रच हवी, नातवाला पास्ता हवा आणि जावयाला वायफाय हवं, अशी वरात असेल तर सध्या तेरेखोल ओलांडावंच लागतं.

राहता राहिला दिवसांचा प्रश्न. 20 डिसेंबर ते 2 जानेवारी या दिवसांत दर कडाडतात आणि बहुतेक मोठी हॉटेलं 31च्या रात्रीचं जेवण सक्तीने बिलात घालतात. न्यू साउथ वेल्सच्या शाळा ख्रिसमसच्या तोंडावर सुटतात, म्हणून आपण नेमके त्याच गर्दीत सापडतो. पण त्या उघडतात जानेवारीच्या शेवटी. नाताळ आणि नवं वर्ष पुण्यात, लग्नं-मुंजी उरकत काढावं आणि संक्रांत झाली की गोवा गाठावा. 26 जानेवारीला इकडेही सुट्टी, तिकडेही. त्या शनिवार-रविवारी मुंबईची अर्धी जनता कांदोळीत असते. त्याच्या आधीचा आठवडा धरावा. समुद्र शांत असतो, रात्री शाल लागते, आणि रिसेप्शनवरच्या माणसाला चढावरची खोली बदलून द्यायला सवड असते.