टक्के बसले नाहीत, मग पुढे काय?

खुब्याची वाटी किंवा गुडघा बदलून महिने उलटले, तरी कापसाच्या ओळीत वाकता येत नाही. अशी माणसे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी बुलढाण्याच्या ‘सिव्हिल’ला येतात. तपासणी होते आणि निकाल तीन शब्दांत कळतो : टक्के बसले नाहीत. संग्रामपूरहून किंवा सिंदखेड राजाहून मजुरी बुडवून आलेल्या अनेकांची धडपड तिथेच थांबते. कायदा मात्र तिथे थांबत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. बहुतेक सवलतींसाठी त्यातली रेषा ४० टक्क्यांची आहे. ती गाठली तर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सूट मिळते आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना संजय गांधी निराधार योजनेचा लाभ घेता येतो. दिव्यांगांसाठीचे या योजनेचे अनुदान २०२५ मध्ये दरमहा दीड हजारांवरून अडीच हजार रुपये झाले. त्यामुळे ३८ आणि ४० यांतला फरक कागदावर दोनच टक्क्यांचा असला, तरी घरात तो महिन्याच्या किराण्याइतका असतो.

हे टक्के ठरतात कसे? पायाच्या बाबतीत मुख्यतः दोन गोष्टी पाहतात : हालचाल आणि स्थैर्य. सांधा किती अंशांपर्यंत वाकतो, स्नायूंत किती ताकद आहे, एका पायावर तोल राहतो का, चालताना आधार लागतो का, हे तपासून आकडा काढला जातो. पाय आखूड झाला असेल किंवा सांधा आखडला असेल, तर तेही धरले जाते. शस्त्रक्रिया झाली म्हणून आपोआप टक्के मिळत नाहीत. उपचारांनंतर जे व्यंग कायमचे उरले, त्याचेच मोजमाप होते. शस्त्रक्रिया यशस्वी होऊन सांधा छान हलत असेल, तर अपील करून टक्के वाढणार नाहीत. हे आधीच समजून घेतले, तर फुकटची धावपळ वाचते.

अपिलाला खरा आधार असतो तो मोजमापातून काही सुटले असेल तेव्हा. एकच गुडघा तपासला, पण दुसराही झिजलेला आहे. पायाची लांबी मोजलीच नाही. जखम भरून व्यायाम पूर्ण होण्याआधीच तपासणी उरकली. ही अशी उदाहरणे. विदर्भात आणखी एक कारण लक्षात ठेवायला हवे. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि ऐन तरुणपणी सांधा बदलण्याची वेळ येऊ शकते. सिकलसेल हा कायद्यातल्या २१ दिव्यांगत्व प्रकारांपैकी स्वतंत्र प्रकार आहे. अशा रुग्णाचा फक्त खुबा मोजला गेला, तर अर्धेच दिव्यांगत्व नोंदले जाते.

म्हणून पहिले काम : नकार लेखी मागा. कलम ५८ नुसार दिव्यांगत्व नसल्याचा निर्णय अर्जदाराला लेखी कळवावा लागतो. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, हेही तिथेच लेखी विचारा. स्वतःच्या तपासणीचा तक्ता मिळत नसेल, तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते, पण त्या उत्तराची वाट पाहत अपिलाची मुदत घालवू नका.

दुसरे काम कागदांचे. शस्त्रक्रियेची नोंद, डिस्चार्ज कार्ड, आधीचा आणि नंतरचा एक्स-रे एकत्र ठेवा. अस्थिरोगतज्ज्ञाकडून ताजी तपासणी करून घ्या. ‘वेदना होतात’ एवढे लिहून भागत नाही. सांधा किती अंश वाकतो, पाय किती आखूड आहे, स्नायूंची ताकद किती, हे आकड्यांत हवे. मांडी घालून किंवा उकिडवे बसायला डॉक्टरांनी मनाई केली असेल, तर तीही लिहून घ्या.

मग कलम ५९ खाली राज्य सरकारने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. तिथे आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते. अर्जात गाऱ्हाण्यापेक्षा चूक नेमकी दाखवा : अमुक मोजमाप सुटले, त्याचा पुरावा सोबत. पोच मात्र शिक्क्यासह घ्या. मदत लागली तर बुलढाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दिव्यांग, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्न गटातल्या लोकांना तिथे मोफत वकील मिळू शकतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की निव्वळ टक्केवारीवरून प्रवेश नाकारता येणार नाही आणि तपासणी मंडळाने आपली कारणे नोंदवली पाहिजेत. ते प्रकरण शिक्षणाचे होते. पण कारणे कळण्याचा हक्क शेतमजुराला कमी असण्याचे काहीच कारण नाही. रुग्णालयाने नामंजुरीच्या पत्रासोबतच मोजमापाचा तक्ता आणि अपिलाचा पत्ता हातात दिला, तर लंगडत आलेल्या माणसाच्या कितीतरी खेपा वाचतील. तोवर या दोन्ही गोष्टी आपणच मागायच्या आणि त्या मिळाल्याशिवाय निकाल अंतिम मानायचा नाही.