पात्रांना गळा देणारा नाटककार

विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगविले ते १८४३ साली. त्याच वर्षी ३१ मार्च रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म झाला. भाव्यांच्या नाटकांत पदे सूत्रधारच गात असे. दुःख एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, अशी ती रीत होती. ती मोडण्याचे कार्य अण्णासाहेबांच्या हातून व्हावयाचे होते.

शिक्षणासाठी ते पुण्यास आले. परंतु अभ्यासापेक्षा नाटकमंडळ्यांना पदे रचून देण्यातच त्यांचे मन रमले. पुढे काही काळ शिक्षकी केली, मग पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी धरली. नाटकाचा नाद म्हणजे वाया जाणे, अशी त्या काळची समजूत होती. तरीही पारशी मंडळीचा संगीत खेळ पाहिल्यावर मराठीत असे का होऊ नये, या ध्यासाने त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ हाती घेतले.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्याचे पहिले चार अंक रंगले. चौथा अंक म्हणजे शकुंतलेची सासरी पाठवणी. लेकीला निरोप देणारा कण्व आता आपली व्यथा स्वतःच्या कंठाने गाऊ लागला. चालीही ओळखीच्याच होत्या. श्रीगोंद्यासारख्या गावी कीर्तन ऐकणाऱ्यांना साकी, दिंडी ही वृत्ते परकी नाहीत; अण्णासाहेबांनी तीच रंगभूमीवर आणली आणि त्यांना कर्नाटकी चालींची जोड दिली. स्वतः ते सूत्रधार म्हणून प्रेक्षकांसमोर उभे राहत.

१८८२ साली ‘सौभद्र’ आले. मनाविरुद्ध ठरलेल्या विवाहाने व्याकुळ झालेली सुभद्रा घरोघरी आपली वाटली. मात्र शकुंतला काय, सुभद्रा काय, दोघींचा गळा पुरुषाचाच होता. भाऊराव कोल्हटकरांनी त्या भूमिका गाजविल्या. स्त्रीला स्वतः रंगभूमीवर येऊन गाण्याची प्रतिष्ठा मिळण्यास पुढे कित्येक दशके जावी लागली.

‘रामराज्यवियोग’ अपुरे ठेवून २ नोव्हेंबर १८८५ रोजी, अवघ्या ४२ व्या वर्षी अण्णासाहेब निवर्तले. ‘शाकुंतल’नंतर त्यांना जेमतेम पाच वर्षे लाभली होती. नाटक अपुरे राहिले. पण ज्याचे दुःख, त्याचाच स्वर, ही त्यांनी घालून दिलेली रीत मराठी रंगभूमीने पुढे सोडली नाही.