लाजेचे चार तास

ग्रीकांच्या देवमंडळात प्रायापस नावाचा एक गावंढळ देव आहे. हेलेस्पाँटच्या काठी लाम्प्साकस येथे त्याचे मोठे प्रस्थ. पुढे रोमन लोकांनी त्याला बागेत उभा केला, तो पाखरे आणि चोर पळवून लावायला! त्याचे इंद्रिय सदा ताठ. त्यामुळे तो थट्टेचाच विषय झाला. पण त्याचे नाव ज्या व्याधीला मिळाले, तिच्यात हसण्यासारखे काही नाही.

प्रायापिझम हे तिचे नाव. कामेच्छेशी संबंध नसताना, किंवा ती शमल्यावरही, ताठरता चार तासांहून अधिक टिकली की ती ही व्याधी समजावी. मराठीत तिला रुळलेला शब्द नाही. शब्दच नाही म्हटल्यावर माणसाने डॉक्टरापुढे सांगावे तरी काय? र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढले, त्याला किती वर्षे लोटली! तरी या बाबतीत आपली जीभ अजून टाळ्यालाच चिकटलेली.

शिश्नात स्पंजासारख्या दोन लांबट पोकळ्या असतात. त्यांत रक्त भरते आणि बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात, म्हणून ताठरता येते. काम संपले की रक्त उतरते. ते उतरलेच नाही तर जागीच साचते, त्यातला प्राणवायू संपतो, ते काळे नि दाट होते. मग ठणका सुरू होतो, आतले स्नायू मरू लागतात आणि त्यांच्या जागी निबर तंतू येतात. मग कायमचे नपुंसकत्व! याला पुरुषार्थाचे लक्षण मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कारणे अनेक. मनोविकारावरची काही औषधे, ट्रॅझोडोन किंवा क्लोरप्रोमाझिन; ताठरतेसाठी शिश्नात टोचायची इंजेक्शने; कोकेनसारखी व्यसने; क्वचित रक्ताचा कर्करोग. पण आपल्याकडे ज्याचा विचार अगत्याने व्हावा ते कारण म्हणजे सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या भागांत या आनुवंशिक रोगाचे रुग्ण बरेच आहेत. प्राणवायू कमी पडला की त्यांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाटांत अडकतात. शाळकरी पोरालाही हा त्रास होतो, बहुधा झोपेत किंवा पहाटे. पोर आईला सांगत नाही, बापाला तर नाहीच. दुपारपर्यंत पांघरूण घेऊन पडून राहते. असे झटके येऊन आपोआप जात असतील, तरी ते पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकतात. अशा रुग्णाने दोन तास झाले की निघावेच. पाणी भरपूर प्यावे, लघवी करावी. बर्फ मात्र लावू नये, थंडीने पेशी अधिकच वाकतात.

दुसरा एक प्रकार आहे, तो मांड्यांमध्ये मार लागल्याने होतो. सायकलच्या दांडीवर आपटणे हे नेहमीचे उदाहरण. तिथे धमनी फाटून ताजे रक्त येत राहते. वेदना फारशी नसते, घाईही तेवढी नसते; पण निदान डॉक्टरनेच करावे.

इस्पितळात प्रथम सुईने थोडे रक्त काढून पाहतात. काळे निघाले तर धोका. जागा बधिर करून साचलेले रक्त ओढून घेतात आणि फेनिलेफ्रिन हे शिरा आकसवणारे औषध अगदी थोड्या मात्रेत, दर काही मिनिटांनी, रक्तदाबावर नजर ठेवून टोचतात. लवकर आलेल्या पुष्कळांचे एवढ्यावर भागते. नाही भागले तर शस्त्रक्रिया करून रक्ताला दुसरी वाट काढून देतात. दीड-दोन दिवस उलटल्यावर आलेल्याचा ठणका थांबवता येतो, पण गेलेली शक्ती बहुधा परत येत नाही.

जाताना चालू औषधांच्या पट्ट्या बरोबर घ्याव्यात. सिकलसेलचे कार्ड असेल तर तेही. आणि खिडकीपाशी तोंडातून शब्द फुटत नसेल, तर चिठ्ठीवर लिहून द्यावे: 'चार तास झाले, ताठरता उतरत नाही, दुखते आहे.' डॉक्टरला एवढे पुरते.